हरकी : जिंकणाऱ्याने भरायची रक्कम

आमच्या कोराडीत वीज केंद्राच्या चिमण्या ज्या गच्चीवरून सरळ समोर दिसतात, त्या घरात एका प्लास्टिकच्या पिशवीत दोन मजकूर एकत्र ठेवलेले आहेत. एक लवादाचा निकाल : इंग्रजी, चौदा पाने, शेवटी गोल शिक्का. दुसरी शंभर पानी वही. घर एका निवृत्त जवानाचे. वस्ती त्यांना 'फौजी' म्हणते, मी दादा म्हणतो. कानाच्या दोषासह ते घरी आले. वैद्यकीय मंडळाने दोष ३० टक्के धरला, पण तो नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीने वाढलेलाही नाही, असा शेरा मारला. त्या एका शेऱ्यावर अपंगत्व पेन्शन नाकारली गेली. सहा वर्षांनी लवादाने तो शेरा चुकीचा ठरवला. पेन्शन सुरू झाली, थकबाकीही मिळाली. निकालाची शेवटची ओळ अशी : खर्चाबाबत आदेश नाही.

वहीत त्या सहा वर्षांचा खर्च आहे.

प्रस्तुत लेखात मला त्या शेवटच्या ओळीचे वाचन करायचे आहे. साहित्याच्या अंकात निकालपत्रातल्या एका ओळीवर लिहिणे काहींना विचित्र वाटेल. पण निकालपत्र हाही एक मजकूरच आहे. त्यात निवेदक असतो, कथन असते, परस्परविरोधी आवाज असतात आणि शेवट असतो. कथेचा शेवट लेखकाने उगाच गुंडाळला तर आपण लगेच बोट ठेवतो. निकालाचा शेवट मात्र वकील वाचत नाहीत, पक्षकाराला वाचता येत नाही, आणि समीक्षकाच्या तो गावीही नसतो.

मी वकील नाही. बारावीनंतर टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि कामठी-नागपुरात कोर्टाबाहेरच्या टेबलावर सव्वीस वर्षे लोकांचे अर्ज, दावे, प्रतिज्ञापत्रे टाइप केली. दुसऱ्याचा मजकूर टाइप करता करता तो वाचायची खोड लागली आणि पुढे खोडीची सवय झाली. एवढीच माझी पात्रता.

त्या टेबलावर एक गोष्ट डोळ्यांत भरली होती. दिवाणी दाव्याचा हुकूमनामा तयार होतो तेव्हा त्याच्या खाली खर्चाचा तक्ता असतो. दाव्याचा स्टॅम्प, वकीलपत्राचा स्टॅम्प, दस्तऐवजांचा स्टॅम्प, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, समन्स बजावणीचा खर्च. एका बाजूला वादी, दुसऱ्या बाजूला प्रतिवादी, खाली बेरीज. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेला जोडलेल्या नमुन्यातच हा तक्ता आहे. म्हणजे ज्यांनी हा कायदा रचला त्यांच्या डोक्यात एक साधी गोष्ट होती : हक्क मिळवायला पैसे लागतात, आणि निकालात त्यांचा हिशोब झाला पाहिजे. संहितेचे कलम ३५ पुढे सांगते की खर्च देणे-न देणे न्यायालयाच्या विवेकावर आहे, पण हरलेल्याकडून खर्च द्यायचा नसेल तर न्यायालयाने त्याची कारणे लेखी नोंदवावीत. कायद्याचा कल उघड आहे. खर्च देणे हा नेम, न देणे हा अपवाद, आणि अपवादाला कारण हवे.

व्यवहारात हे उलटे झाले. खालच्या कोर्टांच्या मराठी निकालांत अजून 'दावा खर्चासह मंजूर' असे वाचायला मिळते. नाहीतर 'ज्याचा खर्च त्याने सोसावा'. या दुसऱ्या वाक्याबद्दल मला आदर आहे. ते कठोर असले तरी प्रामाणिक आहे, त्यात कर्ता आहे. कुणी सोसायचे ते स्पष्ट सांगितले आहे. क्रियापदही नेमके : मराठीत खर्च करतात, पण असा खर्च सोसतात, ऊन सोसावे तसा. वरच्या न्यायालयांतले इंग्रजी वाक्य, ज्याचा अर्थ 'खर्चाबाबत आदेश नाही', त्यात मात्र कर्ता नाही, कर्म नाही, क्रियाही नाही. जणू न्यायालयाने या विषयाला हातच लावला नाही. प्रत्यक्षात ते वाक्य उच्चारले जाते त्या क्षणी वहीतली शेवटची बेरीज दादांच्या नावावर कायमची चढते. आदेश नाही असे म्हणणारा हा पक्का आदेश आहे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या, आणि म्हणून आमच्या नागपूर खंडपीठाच्या, रिट याचिकांच्या निकालांत तर हे वाक्य 'रूल ॲब्सोल्यूट'च्या पाठोपाठ जोडशब्दासारखे येते. याचिका मंजूर, रूल ॲब्सोल्यूट, खर्चाबाबत आदेश नाही. जाणकार लगेच हरकत घेतील की रिट याचिकेला दिवाणी संहिता तशी लागू नाही. बरोबर आहे. १९७६ च्या दुरुस्तीने कलम १४१ ला जोडलेल्या स्पष्टीकरणात अनुच्छेद २२६ खालची कार्यवाही वगळलेली आहे. लष्करी लवादाचा कायदाही वेगळा, २००७ चा. त्यात खर्चाचा योग्य वाटेल तो आदेश देण्याचा अधिकार लवादाला दिलेला आहे, कारणे लिहिण्याची सक्ती नाही. पण याचा अर्थ काय होतो ते बघा. शेजाऱ्याशी बांधावरून भांडणाऱ्याला कारणे मिळण्याचा हक्क आहे. सरकारशी पेन्शनसाठी भांडणाऱ्याला तो नाही, कारण सरकारशी भांडायचा रस्ताच बहुधा रिट किंवा लवाद असतो.

मध्यंतरी नागपुरात एका ग्रंथालयात वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ हाती लागला. १९५३ साली पुण्यातून निघालेला. त्यात दोन शब्द भेटले आणि दादांची वही मला एकदम वेगळी दिसू लागली. पेशवाईत आणि त्याआधीही, निवाडा झाला की हरलेल्याने सरकारात 'गुन्हेगारी' भरायची. यात नवल नाही. पण जिंकलेल्यानेही भरायचे असे. त्या रकमेला 'हरकी' म्हणत. हर्षाशी तिचे नाते दिसते : तुझ्या मनासारखे झाले, आता सरकारला त्याबद्दल काही दे. दुसरा शब्द 'शेरणी', म्हणजे मूळची मिठाई, फारसी 'शिरीनी'वरून आलेली. न्याय ही सरकारने तुझ्यावर केलेली कृपा, आणि कृपेचे तोंड गोड करावे लागते.

इंग्रज आले, कोर्ट फी आली, हरकी गेली. निदान शब्द तरी गेला. दादांच्या वहीचे शेवटचे पान मी पुन्हा काढले. निकालानंतरच्या तारखेला नोंद आहे : पेढे, दोन किलो, वस्तीत व वकीलसाहेबांकडे.

पेढ्यांच्या आधीची पाने वाचायला वेळ लागतो, कारण अक्षर बारीक आहे आणि ओळी सोडलेल्या नाहीत. रेल्वेचे तिकीट प्रत्येक वेळी दोन. आधी मला वाटले जाण्याचे एक, येण्याचे एक. तसे नव्हते. ऐकू येत नाही म्हणून पुकारा झालेला कळत नाही, वकील बोलतो ते कळत नाही, गाडीत स्टेशन कळत नाही. म्हणून मुलगा बरोबर. अपंग माणसाचा प्रवास एकट्याचा नसतोच. मुलगा रोजंदारीवर, त्याची त्या दिवसाची हजेरी गेली. वहीत तिथे रक्कम नाही, फक्त फुली आहे. मग झेरॉक्स. सेवापुस्तकाच्या, वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीच्या, त्याच त्या पानांच्या चार चार प्रती, कारण मागच्या तारखेला दिलेला संच फाइलमध्ये सापडत नव्हता. नोटरी. धर्मशाळा. एकदा नुसते 'तारीख पुढे' आणि खाली सगळा खर्च तसाच. वकिलांची फी हप्त्याने. सगळे मिळून थकबाकीच्या पाचव्या हिश्शापेक्षा थोडे जास्त भरते.

'भाऊ, जिंकलो तं खरा,' दादा म्हणाले, 'पन हे वही आता कोनाले दाखवू?'

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला नवा नाही. सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात २ ऑगस्ट २००५ रोजी न्यायालयाने याच विषयावर स्पष्ट लिहिले. पक्षकारांनी आपापला खर्च सोसावा असे सांगण्याची प्रथा पडली आहे, याबद्दल खेद व्यक्त केला. खर्च म्हणजे प्रत्यक्षात झालेला वाजवी खर्च. त्यात जिंकलेल्याचा गेलेला वेळ, प्रवास, मुक्काम हेही धरले पाहिजे, असे सांगितले. म्हणजे दादांची तिकिटे, धर्मशाळा, अगदी मुलाच्या हजेरीची फुलीसुद्धा तिथे विचारात घेता आली असती. त्याच निकालात सरकारबद्दलही एक भाग आहे. सरकारवर दावा लावण्यापूर्वी कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्या नोटिशीला उत्तरच दिले नाही किंवा गुळमुळीत दिले, तर न्यायालयाने सर्वसाधारणपणे सरकारवर भारी खर्च बसवावा आणि तो संबंधित अधिकाऱ्याकडून वसूल करण्यासह कारवाई करायला सांगावे, असे न्यायालय म्हणते. मी कलम ८० च्या नोटिसा शेकड्यांनी टाइप केल्या. उत्तर आलेल्या नोटिसा दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. त्यासाठी कुणा अधिकाऱ्याच्या पगारातून रुपया कापला गेल्याचे माझ्या टेबलावर तरी कधी आले नाही.

२०१२ मध्ये विधी आयोगाचा २४० वा अहवाल खास खर्चाच्याच विषयावर निघाला. खोट्या व त्रासदायक दाव्यासाठी कलम ३५-अ खाली द्यायच्या भरपाईला ३,००० रुपयांची मर्यादा आहे. एवढ्यात आज धड एका तारखेचा जाण्यायेण्याचा आणि वकिलाचा खर्च निघत नाही. मग २०१५ मध्ये बदल झाला. हरलेल्याने जिंकलेल्याचा खर्च द्यावा हा सर्वसाधारण नियम, आणि त्यापासून दूर जायचे तर लेखी कारणे, असे नवे कलम ३५ आले. पण कुणासाठी? व्यापारी न्यायालयांच्या कायद्यातून ते आले आणि ठरावीक मोलाच्या व्यापारी वादांनाच लागू झाले. कोळशाच्या पुरवठ्यावरून भांडणाऱ्या दोन कंपन्यांना हिशोब मिळेल. कोळशाच्या पट्ट्यात हात गेलेल्याला आणि कानांनी घरी पाठवलेल्याला नाही.

आता लष्करी अपंगत्व पेन्शनचेच दोन निकाल जवळून वाचू, कारण दादांच्या निकालाचा सगळा पाया त्यांवर आहे.

पहिला धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार, २ जुलै २०१३. शिपाई १९८५ मध्ये भरती झाला, अपस्माराच्या झटक्यांमुळे १९९४ मध्ये घरी पाठवला गेला. अपंगत्व २० टक्के, पण नोकरीशी संबंध नाही असा शेरा. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींपुढे तो २००४ मध्ये जिंकला, खंडपीठापुढे २००९ मध्ये हरला, सर्वोच्च न्यायालयात पुन्हा जिंकला. निकाल म्हणून तो अतिशय देखणा आहे. भरतीच्या वेळी माणूस निरोगी म्हणून घेतला, आजाराची नोंद नव्हती, तर पुढे झालेला आजार नोकरीमुळे झाला असे धरायचे. उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर. संशयाचा फायदा जवानाला. आणि मुख्य म्हणजे वैद्यकीय मंडळाने संबंध नाही म्हणायचे तर त्याची कारणे दिली पाहिजेत, नुसता शेरा मारून चालणार नाही. सगळा निकाल या एका आग्रहावर उभा आहे : कारण सांगा. पानामागून पान न्यायालय मंडळाला विचारते, कारण कुठे आहे? आणि मग शेवट येतो. अपील मंजूर, तीन महिन्यांत पैसे द्या, नाहीतर व्याज. त्यानंतर दोन शब्द, खर्च नाही. कारण कुठे आहे?

न्यायालयाने काही बेकायदा केले असे मी म्हणत नाही. त्याला तो विवेकाधिकार आहेच. माझे म्हणणे मजकुरापुरते आहे. ज्या मजकुराने दुसऱ्याच्या बिनकारण शेऱ्यावर इतके नेमके बोट ठेवले, त्याच मजकुराच्या शेवटी एक बिनकारण शेरा आहे, आणि दोन्ही शेऱ्यांचा भार त्याच माणसावर पडतो. आधी मंडळ म्हणाले तुझा आजार तुझा; मग न्यायालय म्हणाले तुझा खर्च तुझा. १९ वर्षांच्या लढ्याचा खर्च.

दुसरा निकाल भारत सरकार विरुद्ध राम अवतार, १० डिसेंबर २०१४. इथे अपील सरकारचे. ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्राने अपंगत्वाची टक्केवारी वर नेऊन धरायचे ठरले होते : ५० च्या खाली असेल तर ५०, पुढे ७५, त्यापुढे १००. सरकारचे म्हणणे, हा लाभ मुदतीपूर्वी घरी पाठवलेल्यांनाच. अपंगत्वासह पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांना नाही. जवान ठिकठिकाणी जिंकत गेले आणि सरकार प्रत्येकाच्या मागे अपील घेऊन दिल्लीला जात राहिले. त्या दिवशी एकत्र निकालात निघालेल्या अपिलांचा आकडा सुमारे ८८० असल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. सगळी फेटाळली गेली. निकाल छोटा आहे, त्यात उभे-आडवे काही नाही. शेवटची ओळ : अपिले फेटाळली, खर्चाबाबत आदेश नाही.

इथे ती ओळ मला धरमवीर सिंहाच्या निकालापेक्षाही जास्त खटकते. ८८० माणसे, त्यांतली बहुतेक खेड्यांतली, आधीच जिंकलेली. त्यांना दिल्लीत वकील लावायला सरकारने भाग पाडले. त्यांनी स्वतःहून काही मागितले नव्हते. पुढच्याच वर्षी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने मंत्रालयाची ही अपिले करण्याची सवय मोडावी म्हणून शिफारशी केल्या, यावरून ती सवय किती जुनी होती ते कळते. सवय मोडायला शिफारस लागते, कारण सवयीची किंमत सरकारला पडत नाही. ८८० अपिलांवर प्रत्येकी माफक रक्कम जरी बसली असती, तरी कुणीतरी फाइलवर लिहिले असते की अपील परवडत नाही.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट वहीतल्या तिकिटांशी जोडून बघण्यासारखी आहे. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की लष्करी लवादाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येणार नाही. मार्च २०२३ मध्ये ते मत मागे पडले. मधली काही वर्षे तरी विदर्भातल्या जवानाला लवादानंतरचा रस्ता थेट दिल्लीचा होता. कायद्याच्या पुस्तकात हा अधिकारकक्षेचा सूक्ष्म मुद्दा म्हणून शिकवतात. वहीत त्याला तिकीट म्हणतात.

हे सगळे असेच असावे लागते का? अमेरिकेतली पद्धत पाहण्यासारखी आहे, ती आदर्श आहे म्हणून नव्हे, तर तिथे हाच प्रश्न उघडपणे सोडवायचा प्रयत्न झाला म्हणून. १९८० च्या एका कायद्याने तिथे ठरवले की सामान्य माणूस सरकारविरुद्ध जिंकला तर त्याच्या वकिलाची फी सरकारने द्यावी, अपवाद एवढाच की सरकारची बाजू चुकीची ठरली तरी ती घेण्याला पुरेसा आधार होता असे सरकारने दाखवून द्यावे. दाखवण्याचा भार सरकारवर. अंतिम निकालानंतर ३० दिवसांत, तासांचा हिशोब जोडून अर्ज करायचा. अपंगत्वाच्या सामाजिक सुरक्षा लाभांच्या खटल्यांत हा अर्ज आता नेहमीचा आहे. शिवाय वकील थकबाकीतून फी घेऊ शकतो, पण २५ टक्क्यांच्या वर नाही, तीही वाजवी आहे का हे न्यायालय तपासते. ही चौथाई वाचून मराठी माणसाला गंमत वाटेल. फरक असा की तिथे दोन्हीकडून फी मिळाली तर लहान रक्कम वकिलाने अशिलाला परत करायची असते. अर्थात सरकार तिथेही सरकारच. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही फी कायद्याने अशिलाची, वकिलाची नव्हे, असे ठरवले. परिणामी अशील सरकारचे काही देणे लागत असेल तर सरकार ते त्यातूनच कापून घेऊ शकते. जिंकलेल्या गरिबाच्या हातात फी आली आणि जुन्या कर्जात गेली, वकील मोकळ्या हाताने. हरकी तिथेही वेगळ्या दाराने आत आली.

आपल्याकडे मात्र दोन्ही दारे बंद आहेत. त्यातले एक बंद करणारा हात नागपूरचा होता, हे मला बरेच उशिरा कळले. न्या. विव्हियन बोस नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. निकालपत्राचे गद्य कसे असावे याचा धडा घ्यायचा तर त्यांच्याकडे जावे. शब्द साधे, वाक्य ताठ. १९५४ मध्ये त्यांच्यापुढे एका ज्येष्ठ वकिलाचे प्रकरण आले, निकालात त्याचे नाव फक्त 'श्री. जी'. त्याने अशिलाशी लेखी करार केला होता की वसूल होईल त्यातली अर्धी रक्कम फी म्हणून घेईन. बोस यांचे म्हणणे असे की इंग्लंडात असल्या भागीदारीवर असलेली कडक बंदी इथे लागू नाही. तिऱ्हाइताने असा करार केला असता तर तेवढ्यावरून तो बेकायदा ठरला नसता. पण वकिलाने हे करणे हा व्यवसायातला गैरवर्तनाचा प्रकार. पुढे बार कौन्सिलच्या नियमांतही हीच बंदी आली. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, वसुलीत वाटा घ्यायचा नाही.

तत्त्व म्हणून मला ते पटते. वकील अशिलाचा भागीदार झाला तर त्याचा सल्ला स्वच्छ राहत नाही. पण बोस यांनी ते दार लावले तेव्हा समोरचे दार उघडे आहे असे गृहीत होते : पैसे नसलेला माणूस जिंकला तर खर्च मिळेल, त्यातून वकिलाची फी भागेल. ते दार पुढे सवयीने बंद झाले. आता राहते तिसरे, मागचे. 'टक्क्यावर' केस घेणे. कोर्टाच्या आवारात हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, कागदावर तो कुठेच नाही. अमेरिकेत २५ वर मर्यादा आहे, कारण तिथे ते लिहिलेले असते. जे लिहिलेलेच नाही त्याला मर्यादा कशी घालणार? दादांच्या वकिलांनी टक्का घेतला नाही, हप्ते घेतले, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

विधिसेवेची आठवण कुणी करून देईल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. औद्योगिक कामगारालाही आहे. हा मोठा हक्क आहे आणि तो वापरला पाहिजे. पण वहीतली तिकिटे, झेरॉक्स, धर्मशाळा, मुलाची हजेरी त्यात येत नाहीत. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोफत वकील हे सरकारने गरजूला दिलेले साहाय्य असते. खर्चाचा आदेश म्हणजे चूक करणाऱ्याने चुकीची भरपाई करणे. या दोन गोष्टी एकच मानल्या की आपण पुन्हा कृपेच्या भाषेत येतो, शेरणीच्या.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मी टाळू इच्छित नाही. सरकारने दिलेला खर्च अखेर जनतेच्या पैशातून जातो. प्रत्येक हरलेल्या खटल्यात तो बसू लागला तर अधिकारी संशयास्पद दावेही निमूटपणे मंजूर करतील. आणि वकिलांची बिले फुगतील. तिसऱ्या भीतीला उत्तर जुन्या तक्त्यातच आहे : बाब लिहा, पावती जोडा, न्यायालय कापेल. दुसरीत तथ्य आहे, म्हणून तर 'पुरेसा आधार होता का' ही कसोटी हवी. प्रामाणिक शंका असलेल्या प्रकरणात सरकारवर खर्च बसू नये, हे मला मान्य आहे. पण ८८० अपिलांच्या बाबतीत शंका किती प्रामाणिक होती? पहिल्या मुद्द्याचे काय करावे ते मला सुचत नाही, कारण तो मुद्दा मांडणारे त्या अपिलांमधल्या सरकारी वकिलांची फी कुठून गेली हे कधी विचारत नाहीत.

सैनिकांच्या बाबतीत निदान निकाल तरी आहेत. कायद्याच्या मासिकांत लष्करी पेन्शनचे निकाल पानोपानी भेटतात, तहसिलीतल्या अनुदानाचे क्वचितच. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. २०२३ मध्ये महिन्याची रक्कम १,५०० झाली, २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ती २,५०० करण्याचा निर्णय झाला. कुणाचा अर्ज चुकीने फेटाळला, कुणाचे चालू अनुदान कागद नाही म्हणून थांबले, तर वर्षाचे नुकसान जास्तीत जास्त ३०,०००. उच्च न्यायालयातली याचिका यात बसत नाही. ती होत नाही, म्हणून निकाल नाही, म्हणून शेवटची ओळही नाही. लाभ जितका लहान, तितकी ती ओळ मोठी होत जाते आणि एका टप्प्यावर सगळा खटलाच गिळून टाकते. दादांची पेन्शन लढण्याजोगी होती म्हणून त्यांची वही झाली. तहसिलीच्या बाकावर बसलेल्यांची वहीच नाही.

या पावसाळ्यात महादुल्याची एक आई माझ्या टेबलावर आली. मुलाचे अनुदान आठ महिन्यांपासून बंद, प्रमाणपत्र चालू असताना. विधिसेवेतून वकील मिळाले होते, अर्ज टाइप करायचा होता. नेहमीच्या जागी, प्रार्थनेच्या शेवटी, मी नेहमीचे वाक्य टाइप केले : अर्जाचा खर्च मिळावा. मग थांबलो आणि मावशींना विचारू लागलो. तहसिलीत किती खेपा? ऑटोचे किती? त्या दिवशी धुण्याभांड्याची कामे किती घरांची सुटली? त्या आधी लाजल्या, मग भरभर सांगू लागल्या. हुकूमनाम्याखाली असतो तसा तक्ता केला. एका बाजूला बाब, दुसऱ्या बाजूला रक्कम, खाली बेरीज. बेरीज अकरा अनुदानित दिवसांची होती की बारा, यावर आमचा थोडा वाद झाला.

वकीलसाहेबांनी कागद वाचला, तक्त्यावर येऊन हसले. 'हे कोण देणार?' म्हणाले. पण काढायला सांगितले नाही. तक्ता परिशिष्ट 'ब' म्हणून जोडलेला आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.